चुटकीच्या आतलं माप

३ मार्च, मंगळवार

जेवताना सूनबाईने मध्येच विचारलं, "बाबा, लोखंडाचं पाणी तुम्हाला अजून जमेल का हो?"

घास हातातच राहिला. बारा वर्षांपूर्वी मी रुग्णालयातून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच दिवशी त्या पाण्याच्या बाटल्या तळघरात गेल्या. किरणं मोजणारी विजेवरची मीटरं आली होती ना! बटण दाबलं की आकडा. माझ्या बाटल्यांना कोण विचारतो? आणि आज विचारणारी कोण, तर त्याच मापन विभागाची प्रमुख. आमच्या सूनबाई.

मी म्हटलं, बघू, वेळ मिळाला तर.

वेळ! सकाळपासून पेपर दोनदा वाचून झाला होता. गॅलरीतल्या कुंड्यांना तीनदा पाणी घातलं होतं. एक झाड तर कंटाळून आडवं झालंय.

४ मार्च

होकार दिला. चहाच्याही आधी. थोडा भाव खायला हवा होता, निदान चहा होईपर्यंत. जमलं नाही.

५ मार्च, गुरुवार

किरणांचं नवं यंत्र पाहिलं. पांढरं, गुळगुळीत, कपाटाएवढं. आमच्या वेळचं यंत्र किरणं द्यायचं ते नळाच्या बारीक धारेसारखं, दोन-तीन मिनिटं. हे बादलीच उपडी करतं. दहा ठोके. एकेक ठोका सेकंदाच्या लाखाव्या भागाहून छोटा, आणि दहाच्या दहा चुटकी वाजायच्या आत संपलेले. इतक्या झटक्यात दिलं की म्हणे कर्करोगाची गाठ मरते आणि भोवतालची चांगली कातडी वाचते. 'म्हणे' अशासाठी, की इथे अजून माणसाला दिलेलं नाही. पहिला मान एका कुत्र्याचा आहे, सव्वीस तारखेला. बाहेरून समिती बघायला येणार. त्यांचं समाधान झालं तर पुढे माणसं.

अडचण मापाची. मीटर म्हणजे हवेची इवलीशी डबी. किरणांनी हवेचे तुकडे होतात, मधली तार ते गोळा करून मोजते. नाटक सुटल्यावर दारात एक माणूस उभा करून लोक मोजावेत, तसं. दोघं-चौघं बाहेर पडत असतील तर ठीक. सगळं थिएटर एकदम सुटलं तर? तुकडे तारेपर्यंत पोचायच्या आत एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा हवेची हवा. मोजणीतून सुटले! असे किती सुटले याचं एक गणित आहे. ते लावून मीटर म्हणतं — दहा ठोक्यांना वीस ग्रे. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. डॉक्टरांनाही वीसच हवेत. पण त्या गणितावर सूनबाईचा पुरता भरवसा नाही. म्हणून माझं पाणी.

पाण्यातून कोण कुठे पळणार? लोखंडाचा क्षार, गंधकाचं आम्ल, चिमूटभर मीठ. किरण लागले की लोखंड रूप बदलतं आणि बदललेलंच राहतं. नंतर सावकाश बाटलीतलं पाणी प्रकाशमापकात घालायचं. जितका प्रकाश अडला, तितके किरण लागले. झटका चुटकीत आटोपला म्हणून पाणी काही विसरत नाही.

विभागात सूनबाईने सवयीने "बाबा" अशी हाक मारली. संध्याकाळपर्यंत अख्खा विभाग मला बाबा म्हणायला लागला होता. झाडूवाल्या बाईसुद्धा. त्या माझ्याहून मोठ्या असाव्यात.

६ मार्च

तळघरातून बाटल्या काढल्या. चाळीसपैकी सदतीस धड. यंत्राचं बटण दाबायला आहेत ते आमचे बटणराव. माझ्या हाताखाली लागले तेव्हा भरघोस मिशी होती. आता मिशी गेली, पोट आलं. म्हणाले, "बाबा, या बाटल्या तुमच्याबरोबरच निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं तरी ऐकायचं होतं."

१० मार्च, मंगळवार

तीन दिवस नुसतं धुणं. या पाण्याला घाण खपत नाही. घाण म्हणजे माती नव्हे. तेलाचा अंश, बुचाचा कण, बोटाचा ठसा. तेवढ्यानेही पाणी खोटं बोलायला लागतं, आणि बोलतं ते नेहमी जास्तच. पाणी तीनदा उकळून, वाफ करून, थंड करून घ्यायचं. बाटली आम्लाने धुवायची, मग त्या पाण्याने, मग पुन्हा. सत्तर वर्षांच्या माणसाला एवढ्या एका कामात गम्य आहे. धुवा म्हटलं की मी धुतो. आमची ही असती तर म्हणाली असती, घरातलं एक भांडं कधी विसळलं नाहीत.

हात मात्र फुटले. आम्ल आणि गार पाणी. सूनबाईने न बोलता मलमाची एक नळी टेबलावर आणून ठेवली. सकाळ-संध्याकाळ लावायची. वास चांगला आहे. लावली.

सूनबाईचा अहवाल आज समितीकडे गेला. त्यात मीटरचे वीस. तारीख गाठायची होती, थांबता येत नव्हतं. माझं पाणी आता त्याला दुजोरा देणार.

११ मार्च, बुधवार

दुजोरा कसला! पहिल्याच दिवशी फजिती. एकाच जागी, दहाच ठोके, सहा बाटल्या. आकडे: चोवीस, एकतीस, सत्तावीस, बावीस, एकोणतीस, तेहतीस. बाजारभावसुद्धा इतके हलत नाहीत.

बटणराव म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी म्हटलं, अंगणच वाकडं असेल, तुमचं यंत्र दर वेळी वेगळं देत असेल. त्यांनी मीटरचा कागद दाखवला. वीस, वीस, वीस, वीस.

सूनबाईने सहाही आकडे वहीत उतरवून घेतले. तेच जास्त लागलं.

१२ मार्च

आज आणखी वाईट. किरणं न दिलेल्या बाटल्यासुद्धा वर चढताहेत. म्हणजे यंत्राचा संबंधच नाही. दोष माझ्याकडे आहे. चष्मा पुसला. तराजू तपासला. आम्लाची बाटली बदलली. मीठ बदललं. काही नाही.

घरी येताना सूनबाई गाडीत म्हणाली, नाही जमलं तरी चालेल, बाबा. माझं काय अडलंय अशा सुरात. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. चालेल म्हणे!

१५ मार्च, रविवार

चिरंजीवांचा फोन. ते तिकडे परगावच्या कामावर, नेहमीसारखे घाईत. मी नोकरीला लागलो हे ऐकून हसले. म्हणाले, आता जरा आराम करा, या वयात आम्लात हात घालता कशाला? मी म्हटलं, हातांना मलम लावतो.

१६ मार्च, सोमवार

मलम!!

काल फोनवर मीच बोललो आणि मलाच कळलं नाही. आज सकाळी नळी उघडली, बोटावर काढलं आणि तसाच थांबलो. तेल. वास. रोज सकाळी हातांना तेल चोपडून मी जगातल्या सगळ्यात सोवळ्या बाटल्या हाताळत होतो. हातमोजे घालतो खरा, पण ते चढवतोही त्याच बोटांनी. एकतीस वर्षं हाताखालच्यांना ओरडत आलो — पावडर नको, तेल नको, अत्तर नको. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सूनबाईला सांगताना मान वर होईना. ती आधी हसली. मग म्हणाली, नळी मीच दिली होती. म्हणजे अर्धी चूक तिची. मी म्हटलं, चूक पूर्ण माझी. मलमाचं औदार्य तेवढं तुझं.

नळी बाथरूमच्या कपाटात. हात पुन्हा फुटू देत.

१८ मार्च, बुधवार

सगळं नव्याने धुतलं, नवं पाणी केलं. सहा बाटल्या. चोवीस पूर्णांक एक. चोवीस. चोवीस पूर्णांक दोन. चोवीस पूर्णांक एक. उरलेल्या दोन्ही तशाच. किरणं न दिलेल्या बाटल्या शहाण्यासारख्या गप्प.

मी खुर्चीत बसलो आणि पाचेक मिनिटं त्या कागदाकडे नुसता बघत राहिलो. किती देखणे आकडे! शाळेच्या प्रार्थनेला रांगेत उभी राहिलेली मुलं जशी.

मग लक्षात आलं. आकडे देखणे आहेत, पण वीस नाहीत.

१९ मार्च, गुरुवार

भांडण झालं. आमच्या घरात भांडण म्हणजे आवाज चढत नाही, फक्त वाक्यं लहान होत जातात.

मी म्हटलं, मीटर कमी सांगतंय. दहा ठोक्यांना वीस नाहीत, चोवीस आहेत. ती म्हणाली, मीटरला गणित लावलंय. मी म्हटलं, गणित धारेसाठी होतं, बादलीसाठी नाही. तुलाच ही शंका होती, म्हणून तर मला बोलावलंस. ती म्हणाली, शंका होती दोन-तीन टक्क्यांची. विसावर चार म्हणजे काय खेळ आहे का?

मग तिने ते काढलं. "आठ दिवसांपूर्वी हेच पाणी तेहतीस म्हणत होतं, बाबा. मी समितीला काय सांगू? परवा मलम होतं, आज नाही?"

बरोबरच होतं तिचं. एकदा खोटं बोललेल्या साक्षीदाराला कोर्टात कोण उभं करतं?

जेवण झालं. ताटं तिने उचलली. मी खोलीत आलो. असं ठरवलंय — कागद तिच्या टेबलावर ठेवून द्यायचा आणि गप्प राहायचं. सही तिची, विभाग तिचा. म्हाताऱ्याने किती लुडबुड करायची?

२० मार्च, शुक्रवार

गप्प राहणं एक दिवस टिकलं.

दुपारी बाकावर एक बारीक चणीचा माणूस बसलेला, पायाशी कुत्रा. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर किल्ल्या करून देतात, ते किल्लीवाले. पायाचं माप घ्यायला त्यांना बोलावलं होतं. कुत्र्याचं नाव हवालदार. अकरा वर्षांचा, तोंड पांढरं झालेलं, पुढच्या उजव्या पायावर लिंबाएवढी गाठ. माझ्या बुटांची रीतसर झडती घेतली आणि मग त्यांच्यावरच हनुवटी टेकवून झोपला. दुकानात रात्री चोर शिरला तेव्हाही असाच झोपला होता म्हणे. किल्लीवाले हे कौतुकाने सांगत होते.

मग विचारलं, "दुखेल का त्याला?"

मी म्हटलं, कळणारसुद्धा नाही, चुटकी वाजायच्या आत संपतं.

"आणि पाय राहील ना?"

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं समजावून सांगितलेलं होतं. वीस ग्रेला गाठ जाते, कातडी लाल होते आणि भरून येते. पंचविसाच्या आसपास गेलं की जखम राहते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या पायाला मांस ते केवढं, तिथली जखम भरत नाही, आणि मग पाय काढावा लागतो. वीस समजून चोवीस दिले तर त्या माणसाने मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं.

डॉक्टरांना विचारून सांगतो, असं काहीतरी पुटपुटलो आणि उठलो. हनुवटीखालून बूट काढून घेताना हवालदाराने एक डोळा उघडला.

उद्या सूनबाईशी बोलायचं. आवाज चढला तर चढू दे.

२१ मार्च, शनिवार

सकाळी उठलो तर ती घरात नाही. सुट्टी असून. फोन केला तर म्हणाली, विभागात आहे, जमलं तर बाटल्या घेऊन या. जास्त आणा.

गेलो. बटणरावही हजर, सुट्टीचा चेहरा घेऊन. सूनबाई केस वर बांधून जमिनीवर पट्ट्या चिकटवत होती. यंत्रापासून लांब एक, मध्ये एक, जवळ एक. म्हणाली, बादली लांबून ओतली तर अंगावर शिंतोडेच येतात ना? लांब एकेक ठोका पातळ होतो. तिथे तुकड्यांची गर्दी नाही, मीटरकडून मोजणीत काही सुटायला नको. म्हणजे तिथे मीटर आणि पाणी जुळायलाच हवेत. ठोके जास्त देऊ, पण पातळ देऊ. तिथे जुळले आणि जवळ आल्यावर फाटले, तर खोटं कोण बोलतंय ते कळेल.

इतकं सोपं! माझ्या डोक्यात का आलं नाही? मी नुसता माझं पाणी खरं, माझं पाणी खरं करत बसलो होतो. तिने त्याला उलटतपासणीलाच उभं केलं.

दिवसभर बाटल्या ठेवणं, बाहेर येणं, जाड दार लावणं, बटण, दार उघडणं, बाटल्या काढणं. बटणरावांनी एकदाही कुरकुर केली नाही. चार वाजता फक्त म्हणाले, बाबा, तुमच्यापायी माझी बायको मला बाहेर काढणार आहे.

२२ मार्च, रविवार

सगळ्या बाटल्या वाचून झाल्या. लांबच्या पट्टीवर दोघांचे आकडे सारखे. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. मधल्या पट्टीवर मीटर सात टक्के मागे. जवळ, जिथे कुत्र्याचा पाय असणार तिथे, सतरा टक्के मागे.

सूनबाईने कागदावर दोन रेघा काढल्या. लांब एकत्र होत्या, जवळ येता येता फाटत गेलेल्या. मी मनात टाळ्या वाजवल्या. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "चुकीच्या आकड्यावर माझी सही आहे, बाबा."

टाळ्या बंद केल्या.

मला सुचेल ते बोललो. अहवाल पाठवला तेव्हा हे कुठे माहीत होतं, मुद्दाम कुठे केलंस, वगैरे. ती म्हणाली, शंका होती. शंका असताना सही केली. तारीख गाठायची म्हणून.

चिरंजीवांचा फोन आला, मी उचलला नाही.

२३ मार्च, सोमवार

ती रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांकडे गेली. एकटी. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली, तुम्ही आलात तर सासऱ्याला वकील करून आणलं म्हणतील.

पुढचं बटणरावांकडून कळलं, दार नीट लागलेलं नव्हतं. मोठे साहेब आधी समजुतीने बोलले. समिती तीन दिवसांवर आली आहे. कुत्राच तर आहे. शिवाय चार बाटल्या पाण्यावर कुणी यंत्राचा अहवाल मागे घेतं का? ती म्हणाली, पाण्यावर नाही, माझ्या मोजणीवर. मग त्यांचा आवाज चढला. अहवाल मागे घेतलास तर विभागाची प्रमुख म्हणून तुझं काय राहील याचा विचार कर, असं काहीसं.

बटणराव म्हणतात ती शांतपणे म्हणाली, "सही माझी आहे, साहेब. आकडा चुकला आहे. तो मला खोडू द्या, नाहीतर सव्वीसला बटण दाबायला दुसरं कुणी शोधा."

बटणराव म्हणाले, मी लगेच आत डोकं घालून सांगितलं, दुसरं कुणी नाहीये, मीच आहे, आणि मीही दाबणार नाही. खरं-खोटं तेच जाणोत. पण सव्वीस तारीख रद्द झाली एवढं खरं.

२४ मार्च

घरात चहा जास्त होतोय. बोलणं कमी, पण वाक्यं लांब झालीत.

किल्लीवाल्यांना तारीख पुढे गेल्याचं मी जाऊन सांगितलं. का, ते त्यांनी विचारलं. म्हटलं, माप चुकत होतं, सापडलं. ते म्हणाले, किल्लीचंही तसंच, जास्त घासली की संपलं, परत वाढवता येत नाही. आणि माझ्या घराच्या किल्लीची दुसरी प्रत करून दिली. मी मागितली नव्हती. नाही म्हणायला जमलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

माझा अहंकार जरा वर आलेला, तो आज पुन्हा जागेवर बसला.

सूनबाईने मागवलेल्या फिल्मचं पाकीट काल आलं. किरणांनी काळी पडणारी फिल्म, ठोका जाड असो की पातळ, तिला फरक पडत नाही. जवळच्या पट्टीवर दहा ठोके दिले, एक दिवस ठेवून आज वाचली. पंचवीस. तीन तुकडे, तिन्ही पंचवीस.

म्हणजे मीटर वीस, मी चोवीस, आणि खरे पंचवीस! सूनबाई कागद पुढे सरकवताना इतकी जपून बोलत होती, जसं काही घरात कुणी आजारी आहे. म्हणाली, पाणीसुद्धा इतक्या दाट झटक्यात थोडं चुकतं. किरणांनी पाण्यात जे तयार होतं ते लोखंडापर्यंत पोचायच्या आत काही प्रमाणात एकमेकांनाच खातं. पुस्तकात आहे, बाबा. चार टक्के.

तर माझ्याही थिएटरला एकच दार होतं. जरा रुंद, इतकंच.

अर्धा तास वाईट वाटलं. मग हसू आलं. तेहतीसवरून चोवीसवर आलो तेव्हा वाटलं होतं, आता पुढे काही शिकायचं राहिलं नाही. सत्तराव्या वर्षी सूनबाई शिकवतेय आणि मी वहीत उतरवून घेतोय. काय वाईट आहे?

हिशोब सरळ झाला. दहा ठोक्यांना पंचवीस, तर वीस हवे असतील तर आठ ठोके. एवढं सगळं रामायण दोन ठोक्यांचं!

३१ मार्च

नवा अहवाल गेला. त्यात माझं पाणी तीन पानं आहे. खाली सही तिची. त्याच्याही खाली, लहान अक्षरात, रसायन मोजणी म्हणून माझी. बारा वर्षांनी सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. फुटलेले हात, दुसरं काही नाही.

९ एप्रिल, गुरुवार

हवालदाराचा दिवस. समितीचे चार लोक काचेमागे. मोठे साहेब त्यांच्यात, आज सगळ्यांशी गोड. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन देऊन हवालदाराला झोपवलं. तो तसाही झोपलाच होता, पण रीत ती रीत. पायाशेजारी फिल्मचा एक तुकडा आणि माझी एक बाटली.

किल्लीवाले बाहेर बाकावर. मी त्यांच्याजवळ बसलो. आत काय चाललंय ते दाखवणारा दिवा लाल झाला, आणि आम्ही श्वास घ्यायच्या आत हिरवा.

"सुरू झालं का?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, झालं.

त्यांचा विश्वास बसेना. एवढे महिनाभर आम्ही धावपळ करत होतो ती एवढ्याशा गोष्टीसाठी? मी म्हटलं, एवढीशी आहे म्हणूनच. किरण एकदा आत गेले की चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

बाटली वाचली. पाण्याच्या मानाने एकोणीस पूर्णांक तीन. चार टक्के वर धरले की वीस. फिल्मचं उद्या कळेल.

१० एप्रिल

फिल्म: वीस.

१७ एप्रिल, शुक्रवार

हवालदाराला तपासणीला आणलं. पायाची कातडी लाल, केस गेलेत, जखम नाही. गाठ मऊ पडलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून महिनाभर बघू, पण पाय राहील. आता मात्र मी किल्लीवाल्यांना उत्तर दिलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सोडायचं विसरले.

समितीचं पत्रही आलं. यंत्राला मान्यता, माणसांसाठी पुढची पायरी. आणि एक ओळ वेगळी — अहवाल मागे घेणाऱ्या अधिकाऱ्याचा विभागाने आदर्श समोर ठेवावा. मोठ्या साहेबांनी ते पत्र स्वतः वाचून दाखवलं, जसं काही त्यांनीच मागे घ्यायला लावला होता.

माझं काम संपलं. नेमणूक दीड महिन्याची होती. बाटल्या धुतल्या, कापडावर पालथ्या घातल्या. बटणरावांनी निरोपाला नवी मलमाची नळी दिली. नालायक माणूस.

१९ एप्रिल, रविवार

सूनबाई आज चहा ठेवून उभी राहिली नाही, समोर बसली. म्हणाली, तिचं आणि चिरंजीवांचं लग्न गेल्या सप्टेंबरातच संपलं. कागद झाले, दोघांच्या सह्या झाल्या. मला सांगायचं धैर्य दोघांनाही नव्हतं. तो तिकडे दुसरं घर बघतोय, मला न्यायला केव्हाही येईल, म्हणाला आहे.

मी कप नुसता फिरवत बसलो. मग ती म्हणाली, "तुम्ही इथेच राहिलात तर मला हवं आहे."

मी विचारलं, मोजणीसाठी?

"मोजणी शुक्रवारी संपली, बाबा."

चहा गार झाला होता. प्यायलो.

एवढी पानं सूनबाई, सूनबाई लिहीत आलो. उद्या चिरंजीवांना फोन करणार. सांगणार, न्यायला येऊ नकोस, मी माझ्या लेकीकडे राहतो.